स्वस्तातले ऑनलाइन गणित आणि कॉलेजचे क्रेडिट : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांचे नेहमीचे प्रश्न

मी गणित शिकवतो. आठवडाभर कॉलेजात आणि रविवारी सकाळी खानापुरात, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. तिथे फी नसते, म्हणून गणिताबरोबर फॉर्म, पासवर्ड, ओटीपी हेही सगळे येते. जून-जुलै आणि डिसेंबर-जानेवारी या दोन हंगामांत एकच विषय जोरात असतो, तो म्हणजे ऑनलाइन गणिताचा कोर्स करून कॉलेजचे क्रेडिट मिळते का आणि त्याला खर्च किती. तीच उत्तरे दर रविवारी देऊन घसा बसला, म्हणून ती इथे लिहून ठेवली आहेत.

सर, क्रेडिट म्हणजे मार्कच ना?

नाही. रोजगारावर जाणाऱ्या घरातल्या मुलांना हे लगेच कळते. हजेरी किती दिवसांची भरली ते क्रेडिट, आणि काम कसे उतरले ते मार्क. राष्ट्रीय क्रेडिट आराखडा २०२३ मध्ये आला. त्यात साधारण ३० तासांच्या अभ्यासाला एक क्रेडिट असा हिशेब आहे, म्हणजे वर्षाचे १२०० तास आणि ४० क्रेडिट. या ३० तासांत व्याख्यान, गृहपाठ, स्वतःचे वाचन, परीक्षेची तयारी सगळे धरलेले असते. डिग्री हवी तर ठरलेली हजेरी भरलीच पाहिजे. त्यातली काही हजेरी बाहेरच्या मान्य कोर्सवर भरता येते, एवढीच या प्रकरणाची गोम आहे.

यूट्यूबवर सगळे फुकट आहे, मग पैसे कशाला भरायचे?

शिकायला एक रुपयाही भरू नका. एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनिअर अल्जिब्राची व्याख्याने कितीतरी वर्षे सगळ्यांना खुली आहेत. खान अकॅडमीवर त्रिकोणमितीपासून कॅल्क्युलसपर्यंत सगळे आहे. पैसे लागतात ते तुम्ही शिकलात हे कोणीतरी समोर बसवून तपासावे आणि तसा कागद द्यावा यासाठी.

सगळ्यात स्वस्त कुठे पडेल?

केंद्र सरकारच्या स्वयम या मंचावर. तो २०१७ मध्ये सुरू झाला. त्यातले तांत्रिक आणि विज्ञानाचे बरेचसे कोर्स एनपीटेलचे असतात. आयआयटी आणि बंगळूरची आयआयएस्सी यांनी मिळून २००३ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम आहे. कोर्सला नाव नोंदवणे, व्हिडिओ पाहणे, दर आठवड्याचा गृहपाठ देणे हे सगळे मोफत. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेची फी भरायची. एनपीटेलची ही फी गेली काही वर्षे एका कोर्सला १००० रुपये आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ती निम्मी पडते. त्यासाठी दाखला फॉर्मसोबतच जोडावा लागतो, म्हणून नाडकचेरीतले, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीतले, काम आधी उरकून घ्या. फॉर्मची मुदत संपायला दोन दिवस उरले की तिथली रांगही नेमकी लांबते.

हिशेब असा धरा. ४ आठवड्यांचा कोर्स म्हणजे १ क्रेडिट, ८ आठवड्यांचा २ आणि १२ आठवड्यांचा ३. म्हणजे १२ आठवड्यांच्या कोर्सला एक क्रेडिट ३३३ रुपयांना पडले. फी तिन्हींना तीच, त्यामुळे ४ आठवड्यांच्या कोर्सचे एकच क्रेडिट हजाराला जाते. लहान कोर्स स्वस्त वाटतो, पण तो सगळ्यात महाग असतो. परीक्षेच्या दिवसाचा प्रवास आणि चहा-नाष्टा धरला तरी मोठा कोर्स दीड हजाराच्या आसपास आटपतो.

स्वयमवर बी.एस्सी.च्या पातळीचे दुसऱ्या संस्थांचे कोर्सही आहेत. त्यांची परीक्षा एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था घेते, आणि ३० मार्क गृहपाठाचे, ७० परीक्षेचे अशी विभागणी असते. ते अनेकदा ४ क्रेडिटचे असतात, आणि हे पुढे उपयोगी पडते. का ते खाली येईलच.

आमच्या कॉलेजात हे चालेल का?

खरे तर हाच पहिला प्रश्न असायला हवा, आणि मुले तोच सगळ्यात शेवटी विचारतात.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमाप्रमाणे एका सेममधल्या एकूण कोर्सपैकी ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करता येतात. २०१६ च्या नियमात ही मर्यादा २० टक्के होती, २०२१ मध्ये ती वाढली. हे वाचून मुले खूश होतात आणि मोबाइल माझ्यापुढे धरतात. पण हा नियम तुमच्या मार्क्स कार्डवर आपोआप उमटत नाही. त्या सेमला कोणते कोर्स चालतील, ते कोणत्या पेपरच्या जागी धरायचे की जादा म्हणून, हे तुमचे विद्यापीठ ठरवते आणि कॉलेज स्वायत्त असेल तर कॉलेजची स्वतःची परिषद. बेळगावात दोन्ही प्रकारची कॉलेजे आहेत. एकाच रस्त्यावरच्या दोन कॉलेजांत दोन वेगळी उत्तरे मिळाली तर नवल वाटू देऊ नका.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने प्रॉबॅबिलिटीचा १२ आठवड्यांचा कोर्स केला होता. पहाटे उठून दूध घालायचा आणि मग व्हिडिओ बघायचा. परीक्षेत ६८ मिळाले. पेढे घेऊन आला. सोमवारी प्रमाणपत्र कॉलेजात दिले, तर उत्तर मिळाले की या सेमच्या यादीत हा कोर्स नाही. विषय तोच होता, धडे जवळजवळ तेच होते, पण यादीतला कोर्स दुसऱ्या आयआयटीचा होता आणि त्याचा कोड वेगळा. त्या कॉलेजचे नाव मी घेत नाही. त्यांनी नियमाला धरूनच केले असेल, पण मुलाचे तीन महिने गेले. त्यानंतर मी कोर्सची चर्चा सुरू करण्याआधी एकच विचारतो, "यादी आणलीस का?"

यादी मागायची कोणाकडे? ऑफिसमध्ये कोणाला माहीतच नसते.

ऑफिसमध्ये नका जाऊ. ज्या कॉलेजात एनपीटेलचे लोकल चॅप्टर, म्हणजे स्थानिक शाखा, आहे तिथे एका प्राध्यापकाकडे ही जबाबदारी असते. सगळे त्यांना एसपीओसी म्हणतात, काही मुले तर 'स्पॉक सर' म्हणूनच हाक मारतात. तसे कोणी नसेल तर गणित विभागाच्या प्रमुखांना भेटा. तीन गोष्टी विचारायच्या. हा कोर्स या सेमला चालतो का? तो कोणत्या पेपरच्या जागी बसतो की जादा धरला जातो? क्रेडिट कमी पडले तर काय करायचे?

हा तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. तुमचा पेपर ४ क्रेडिटचा आणि एनपीटेलचा कोर्स ३ क्रेडिटचा असला, तर वरचे एक क्रेडिट कुठून आणायचे? काही ठिकाणी ४ आठवड्यांचा आणखी एक कोर्स जोडू देतात, काही ठिकाणी नाही. म्हणूनच ४ क्रेडिटचा स्वयम कोर्स यादीत असेल तर तो आधी बघा असे मी सांगतो.

उत्तर तोंडी घेऊ नका. एका कागदावर अर्ज लिहा. त्यात कोर्सचे पूर्ण नाव, कोड, आठवडे, क्रेडिट, कोणत्या पेपरच्या बदल्यात हे सगळे लिहा आणि खाली सही-शिक्का घ्या. त्याची झेरॉक्स जपून ठेवा. सर चांगलेच असतात हो, पण पुढच्या सेमला त्यांची बदली झालेली असते.

आधी कोर्स सुरू करतो, परवानगी नंतर घेतो. चालेल?

फुकट शिकायचे असेल तर आजच सुरू करा. परीक्षेचे हजार रुपये मात्र सही मिळाल्यावरच भरा. नोंदणी आणि परीक्षा फी यांच्यात काही आठवड्यांचे अंतर असते, तेवढा वेळ सहीला पुरतो.

माझा दादा कोल्हापूरला शिकतो. त्याने असा कोर्स केला आणि क्रेडिट मिळाले. मग मला बेळगावात का अडवतात?

सीमाभागाचा हा खास घोळ आहे. घर एक, गाव एक, पण दोघांच्या डिग्रीचे नियम दोन राज्यांचे. कर्नाटकाने नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण देशात सर्वांत आधी, २०२१-२२ मध्ये लागू केले आणि चार वर्षांची ऑनर्स डिग्री आणली. मग सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य आयोगाच्या अंतरिम अहवालावरून २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांच्या डिग्रीची रचना आली. तिकडे महाराष्ट्रात नेमके उलटे, त्याच सुमाराला नवे धोरण संलग्न कॉलेजांपर्यंत पोचत होते. म्हणून शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजात शिकणाऱ्या दादाच्या मार्क्स कार्डवर विषयांचे जे गट दिसतात, ते राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या तुमच्या कार्डवर दिसणार नाहीत.

तेव्हा दादाचा सल्ला अभ्यासाला घ्या, नियमाला घेऊ नका. आणि एवढ्यावर भागत नाही. बेळगावातच तुमच्याहून दोन वर्षे पुढे असलेली ताईसुद्धा वेगळ्या रचनेत शिकलेली असू शकते. तुमच्या बॅचचा सिलॅबस छापून घ्या आणि त्यावरच बोट ठेवून बोला.

इंजिनिअरिंगवाल्यांचे थोडे सोपे आहे. मच्छेजवळच्या ज्ञानसंगममधून चालणारे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ एकच, त्यामुळे स्वायत्त नसलेल्या कॉलेजांना परिपत्रकही एकच. तिथे ऑनर्ससाठी जादा क्रेडिट एनपीटेल-स्वयममधून मिळवायची सोय आहे. पण जे आधीच सिलॅबसमध्ये शिकला तेच नाव बदलून पुन्हा करून जादा क्रेडिट मागायचे हे चालत नाही. मुले हे करून बघतात, म्हणून सांगतो.

यादीत गणिताचे पाच-सहा कोर्स आहेत. कोणता घेऊ?

नावावर जाऊ नका. 'लिनिअर अल्जिब्रा' या एकाच नावाखाली एक कोर्स मॅट्रिक्स, निश्चयक आणि समीकरणे सोडवण्यात रमतो, तर दुसरा पहिल्या आठवड्यापासून व्हेक्टर स्पेसच्या सिद्धता सुरू करतो. पहिला बी.ई.च्या मुलाला सोपा जातो. दुसरा एम.एस्सी.ची तयारी करणाऱ्याला हवा असतो, आणि बी.ई.चा मुलगा तो तिसऱ्या आठवड्यात सोडून देतो.

माझी पद्धत साधी आहे. कोर्सच्या पानावर आठवड्यांनुसार मजकूर दिलेला असतो. तो एका बाजूला लिहा, तुमचा सिलॅबस दुसऱ्या बाजूला लिहा आणि जुळणाऱ्या ओळींना रेघ मारा. दहापैकी सात ओळी जुळल्या तर पुढे जा. मग त्या कोर्सचे चौथ्या आठवड्याचे एक व्याख्यान बघा. पहिल्याचे नको, पहिला आठवडा सगळ्यांचाच गोड असतो. चौथ्याचे कळले तर कोर्स तुमचा.

आणि खरे सांगायचे तर पहिल्या खेपेला न्यूमरिकल मेथड्स किंवा पायाभूत स्टॅटिस्टिक्स घ्यावे असे माझे मत आहे. रिअल ॲनालिसिस हा पडद्यावर एकट्याने शिकायचा विषय नव्हे. त्यात चूक कुठे झाली हे दाखवायला समोर माणूस लागतो. हे मत सगळ्या मास्तरांना पटत नाही, हेही खरे.

पास व्हायला किती लागतात? ४० ना?

४०, पण दोन्हीकडे वेगवेगळे. एनपीटेलमध्ये गृहपाठाला २५ आणि परीक्षेला ७५. गृहपाठात २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० मिळालेच पाहिजेत.

दोन मुलींचा हिशेब मांडतो. एकीची गृहपाठाची सरासरी ७२ टक्के, म्हणजे १८. परीक्षेत ४८ टक्के, म्हणजे ३६. बेरीज ५४, पास. दुसरीने गृहपाठात ९६ टक्के मिळवले, म्हणजे २४. परीक्षेत ३८ टक्के, म्हणजे साडेअठ्ठावीस. बेरीज साडेबावन्न, आणि प्रमाणपत्र नाही. कारण परीक्षेचे ३० भरले नाहीत. ही दुसरी मुलगी मला दर वर्षी भेटते, फक्त नाव वेगळे असते. गृहपाठाची उत्तरे ग्रुपवर फिरतात, ९६ टक्के सहज येतात आणि परीक्षेच्या हॉलमध्ये ग्रुप नसतो.

६० च्या वर 'एलिट', ७५ च्या वर त्याला चांदीचा आणि ९० च्या वर सोन्याचा शिक्का. तो नोकरीच्या अर्जाला शोभतो. क्रेडिट मात्र ४१ वाल्याला आणि ९१ वाल्याला सारखेच.

रोज किती वेळ द्यावा लागेल? मी सकाळी घरचे काम करतो.

३ क्रेडिट म्हणजे ९० तास. भागिले १२, आठवड्याला साडेसात. त्यात व्हिडिओ अडीच तासांचे, बाकी वही-पेन. जे फक्त व्हिडिओचे अडीच तास मोजतात, ते वर सांगितलेल्या दुसऱ्या मुलीच्या वाटेने जातात.

सोय एक आहे. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये गृहपाठाचे उत्तम ८ आठवडेच धरतात, ८ आठवड्यांच्या कोर्समध्ये उत्तम ६. म्हणजे चार आठवडे बुडाले तरी कोर्स बुडत नाही. जुलैचे सत्र ऐन भात लावणीच्या दिवसांत सुरू होते, तेव्हा ही सवलत देवासारखी वाटते. पण पहिले चार आठवडे एकदम उधळू नका, गौरी-गणपती पुढे आहेत.

आमच्याकडे रेंजच नसते.

कणकुंबी, जांबोटी, भीमगडकडच्या गावांतून येणारी मुले हे सांगतात तेव्हा मी कोर्सपेक्षा सत्राचा विचार करायला लावतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे पाऊस थांबत नाही, वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही. शक्य असेल तर जानेवारीचे सत्र घ्या.

व्हिडिओ घरी बघायचाच नाही असे धरा. एनपीटेलच्या साइटवरून व्याख्याने उतरवून घेता येतात. शनिवारी कॉलेजच्या लायब्ररीत किंवा खानापूर स्टँडजवळ कोणा मित्राच्या खोलीवर आठवड्याचा सगळा माल भरून घ्या. गृहपाठ भरायला फार डेटा लागत नाही, टेकडीवरची एक काडी रेंज पुरते. मुदत बहुतेक वेळा बुधवारी रात्री संपते. तुम्ही मंगळवार धरून चाला.

ज्यांच्या घरी डिश आहे त्यांच्यासाठी स्वयंप्रभा या सरकारी शैक्षणिक टीव्ही वाहिन्या आहेत. क्रेडिट त्यातून मिळत नाही, पण आजोबा बातम्या लावण्याआधी अर्धा तास कॅल्क्युलस बघता येते.

दहावीपर्यंत मराठी माध्यम होते. इंग्रजी झेपेल का?

परीक्षा इंग्रजीतच असते, हे आधी मान्य करा. पण गणिताचे इंग्रजी फार लहान असते. बहुपदी, वर्गसमीकरण, त्रिकोणमिती हे तुम्हाला येतेच. पीयूसीत, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीत, त्यांची इंग्रजी नावे झाली. अडचण मोठ्या शब्दांची नसते, चिमुकल्या शब्दांची असते. 'ॲट लीस्ट टू' म्हणजे दोन किंवा दोनापेक्षा जास्त. मुले दोनच धरतात आणि प्रॉबॅबिलिटीचा अख्खा प्रश्न जातो. 'ॲट मोस्ट टू'मध्ये शून्यही येतो, ते विसरतात. 'ओन्ली इफ' आणि 'इफ' यांतला फरक तर आमच्यासारख्या मास्तरांनाही घाम फोडतो. असे पंधरा-वीस शब्द वहीच्या शेवटच्या पानावर मराठी अर्थासह आणि एकेका उदाहरणासह लिहा. पहिले दोन आठवडे ते पान उघडे ठेवूनच बसा.

काही एनपीटेल कोर्सच्या व्याख्यानांचे लेखी भाषांतर मराठीत आणि कन्नडमध्येही मिळते. मराठी कधीकधी फार जड असते. विकलन, संकलन, अभिसारी वगैरे वाचून मुले उलट घाबरतात. कन्नड बऱ्यापैकी येत असेल तर दोन्ही उघडून बघा. आपल्याकडच्या पोरांना ही एक जादा खिडकी आहे, ती पुण्याच्या पोरांना नाही.

परीक्षेला जायचे कुठे?

ही परीक्षा घरून देता येत नाही. संगणकावर असते, पण ठरलेल्या केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून, तीन तासांची. फॉर्म भरताना शहराची यादी येते. खानापूरवाल्यांनी बेळगाव मिळत नसेल तर हुबळी-धारवाड बघावे. निपाणी, बोरगाव, सदलगा भागातल्यांना यादीत कोल्हापूर असेल तर तेच जवळ, निपाणीपासून सुमारे ४० किलोमीटर.

मुलींसाठी बसचा हिशेबही सांगतो, कारण वडील तोच आधी विचारतात. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेत साध्या आणि एक्स्प्रेस सरकारी बसचा प्रवास महिलांना फुकट आहे. तेव्हा बेळगावहून हुबळी, सुमारे १०० किलोमीटर, आधार कार्ड दाखवून जाता येते. कोल्हापूरच्या बाजूला एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, पण सवलत ज्या त्या राज्याच्या हद्दीपुरती. सीमेपलीकडचे तिकीट काढायची तयारी ठेवा आणि सुटे पैसे जवळ असू द्या. सकाळच्या सत्राची परीक्षा नऊला सुरू होते. पहिल्या बसने वेळेत पोचत नसाल तर दुपारचे सत्र मिळते का बघा.

अपार आयडी, एबीसी, डिजिलॉकर हे काय नवीन?

क्रेडिटचे बँक खाते. ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजेच एबीसी, २०२१ मध्ये सुरू झाली. त्यात तुमच्या नावावर क्रेडिट जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात. १२ अंकी अपार क्रमांक म्हणजे त्या खात्याचा नंबर. डिजिलॉकर म्हणजे कागदपत्रे ठेवायचा सरकारी ऑनलाइन कप्पा.

आपल्याकडे खरी अडचण नावाची होते. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, मार्क्स कार्डवर नाव कर्नाटकी पद्धतीने, आडनाव आधी किंवा नुसते आद्याक्षर. आधारवर महाराष्ट्री पद्धतीने, नाव-वडिलांचे नाव-आडनाव. लक्ष्मण एकीकडे एक्सने लिहिलेला, दुसरीकडे केएसएचएमने. खाते जुळत नाही आणि क्रेडिट हवेत लटकते. कोर्सला नोंदणी करण्याआधी दोन्ही कागदांवरचे नाव समोरासमोर ठेवून बघा. एनपीटेलच्या परीक्षा फॉर्ममध्ये जे नाव टाकाल तेच प्रमाणपत्रावर छापले जाते, आणि ते मागाहून बदलत बसायची वेळ येऊ देऊ नका. नेट कॅफेवाल्याला फॉर्म भरायला देऊन चहा प्यायला जाऊ नका. शेजारी बसा आणि एकेक अक्षर वाचा.

माझी मुलगी पीयूसी कॉमर्सची, आता बीसीएला आहे. गणित पार सुटलेय.

तिला आधी क्रेडिटच्या मागे लावू नका. स्वयमवर एनसीईआरटीचे अकरावी-बारावीच्या गणिताचे कोर्स आहेत. त्यांचे कॉलेज क्रेडिट नसते, पण पाया भरून निघतो. सेट, फंक्शन, मॅट्रिक्स आणि मोजणी म्हणजे परम्युटेशन-कॉम्बिनेशन एवढे चार धडे नीट झाले की बीसीएचे डिस्क्रीट मॅथ्स अंगावर येत नाही. पीयूसीत तिने बेसिक मॅथ्स घेतले असेल तर यातले अर्धे ओळखीचेच निघेल. क्रेडिटचा कोर्स पुढच्या सेमला.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला आलोय. जादा गणित लावलेय, ते एनपीटेल करून सुटेल?

तसे धरून चालू नका. तो विद्यापीठाने तुमच्यासाठी लावलेला पेपर आहे, तो तिथेच सोडवायचा. तयारीला मात्र एनपीटेलचे इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स उत्तम, आणि फुकट.

कोर्सेरा, एडएक्सचे सर्टिफिकेट चालते का?

शिकायला चांगले, बायोडेटाला चांगले. कोर्सेरावर अर्ज केला तर आर्थिक सवलतही मिळते. पण स्वयमचा नियम त्यांना लागू नाही. तुमच्या कॉलेजने त्यांच्याशी वेगळी व्यवस्था केली असेल तरच क्रेडिट, आणि तसे असेल तर कॉलेज स्वतःच ढोल वाजवून सांगते.

मामा अमेरिकेत आहेत. ते म्हणतात तिकडे महिन्याची वर्गणी भरून कॉलेज अल्जिब्रा आणि कॅल्क्युलसचे क्रेडिट घेतात.

मामा खोटे सांगत नाहीत. स्ट्रेटरलाइन, सोफिया अशा कंपन्या तिथे आहेत. त्यांच्या कोर्सना एसीई ही संस्था क्रेडिटची शिफारस करते. कॉलेज बोर्डाची क्लेप परीक्षा देऊनही क्रेडिट मिळते. पण शिफारस ती शिफारस, घ्यायचे की नाही ते तिथले प्रत्येक कॉलेज ठरवते. म्हणजे तिकडेही रडगाणे आपलेच, आधी यादी बघा. तुम्ही तिकडच्या कॉलेजात प्रवेश घेतला असेल तर हा मार्ग स्वस्त आहे. बेळगावच्या बी.एस्सी.ला त्याचा उपयोग नाही.

एकाने सांगितले, घरबसल्या सहा महिन्यांत डिग्री, गणित पासची हमी.

नमस्कार करून बाहेर पडा. ऑनलाइन डिग्री असतात, पण यूजीसीची मान्यता त्या त्या विद्यापीठाला आणि त्या त्या डिग्रीला वेगळी लागते. ती यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या साइटवर तपासता येते. इंजिनिअरिंगची डिग्री ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने मिळतच नाही. जानेवारी २०२२ मध्ये यूजीसीने एडटेक कंपन्यांच्या जाहिरातींबाबत जाहीर इशाराही दिला होता.

खरोखरच ऑनलाइन पूर्ण डिग्री हवी असेल तर आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची बी.एस. बघण्यासारखी आहे. २०२० मध्ये जाहीर झाली. पायाभूत टप्प्यातच गणिताचे दोन आणि स्टॅटिस्टिक्सचे दोन पेपर आहेत, परीक्षा केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात, आणि प्रवर्ग व उत्पन्नानुसार फीत ७५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. सोपी मात्र नाही. आमच्यातल्या तिघांनी सुरुवात केली, एक टिकून आहे.

नापास झालो तर मार्क्स कार्डवर येते?

एनपीटेल तुमच्या मार्क्स कार्डवर काही लिहीत नाही. पण तो कोर्स एखाद्या पेपरच्या बदल्यात घेतला असेल तर तो पेपर रिकामा राहिला, म्हणजे कॉलेजच्या भाषेत बॅक. म्हणून शेवटच्या सेमला बदल्यातला कोर्स घेऊ नका. निकाल यायला वेळ लागतो आणि इकडे पुढच्या प्रवेशाची तारीख निघून जाते. शेवटच्या सेमला फक्त जादा कोर्स घ्या, तोही हौस असेल तर.

रविवारी येताना काय आणू?

आधार, एसएसएलसीचे मार्क्स कार्ड, कॉलेजची कोर्सयादी, एक वही. आणि सिलॅबस छापून आणा. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट दाखवू नका, मला तो चष्मा लावूनही दिसत नाही.